यानाच्या कादंबऱ्या पाटावरून उतरवल्या

मंडळी, टीव्हीवरच्या त्या मालिकेत अवकाशयान उडताना होणारा तो घूंऽऽ आवाज अजून कानात आहे. मालिका संपल्यावर तिच्यावरच्या कादंबऱ्या मी श्रीरामपूर स्टेशनवरून आणल्या होत्या.

परवापासून त्या पुन्हा वाचतोय. आज दसरा, म्हणून कवितासंग्रहांशेजारी पाटावर पूजेला मांडल्या, तर मुलाने उचलून बाजूला ठेवल्याच! "अण्णा, टीव्हीची पुस्तकं पूजेला ठेवतात व्हय?"

का नाही? शाळेतल्या कवितेने चांदण्या दाखवल्या, पण तिथवर नेलं यांनीच!

पूजेतली पुस्तकं आज वाचायची नसतात. पण ही तर पूजेतून काढलेली, मग रागाने हीच उघडून बसलो. सांगा, चुकलं का माझं?

हे लिहितोय तोच दारात मुलाचे सासरे, कधी न येणारे कडक हेडमास्तर. हातावर आपट्याचं सोनं ठेवलं आणि पुस्तकाकडे बघत हळूच म्हणाले, "व्याही, याचा पुढचा भाग हाय का हो तुमच्याकडं?"