बजरंग मिस्त्रीनं रंगवलेला गिअरबॉक्स

चौसाळ्याच्या बजरंग मिस्त्रीला खुशाली विचारली की तो आधी आपली फजिती सांगतो. "दुसऱ्यानं सांगितली तर तो तिखटमीठ लावतो," म्हणतो, "त्यापेक्षा आपणच वाढावी, बेतानं." वीस वर्षं त्याची ट्रॅक्टर आणि जीपगाड्या खोलण्यात गेली. पण हायवेवर क्लच नसलेल्या गाड्या वाढल्या, तशी त्यानं पाटी लावली, 'ऑटोमॅटिक गाड्यांचे काम होईल.' पाटी आधी लागली. शिकणं नंतर सुरू झालं, तेही मोबाइलवर बघून.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते थेट सुंदरराव. आसपासच्या चार गावांचं राजकारण ज्यांच्या ओसरीवर शिजतं, ते. त्यांच्या गाडीच्या गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. बजरंगनं बॉक्स उतरवला, सील बदललं, बॉक्स परत चढवला. गळती थांबली, पण गाडी तिसऱ्या गिअरला चिकटली ती सुटेना. समोर पिवळा दिवा लागला तो वेगळाच.

सुंदरराव खुर्ची टाकून बसले. "सांजपर्यंत बघ बजरंग. न्हाईतर टोचन लावून शहरात नेतो, मग ती पाटी तेवढी उतरव. लोकं मलाच इचारायलेत, गाडी त्याच्याकडं दिलीच कावून."

"मला बी तेच इचारायचं व्हतं, मालक."

समोरच्या हॉटेलातला धोंडीराम चहा घेऊन आला आणि कप रिकामे व्हायची वाट बघत, म्हणजे तमाशा बघत, तिथंच उभा राहिला. "काय बे, तिसरीतच अडकली का?"

"मी बी तिसरीतच अडकलतो. संगत लागली तिला."

बजरंगनं स्कॅनर लावला. गिअर बदलणारे आतले पाच छोटे विजेचे व्हॉल्व्ह, पाचही खराब असं यंत्र सांगायला लागलं. पाच नवे मागवायला त्यानं बीडच्या दुकानदाराला फोन लावलाही, आणि रिंग वाजत असतानाच कापला.

"काय झालं?" सुंदरराव म्हणाले.

"मालक, पंगतीतली समदीच माणसं एकदम आजारी पडली, तर माणसं तपासायची का वरण?"

"वरण."

"मंग आपण बी वरणच बघू."

पाचांना मिळून एकच वीज येते आणि एकाच वाटेनं परत जाते. येणारी त्यानं मीटरवर तपासली, पूर्ण बारा व्होल्ट. परतीची वाट म्हणजे गिअरबॉक्सच्या अंगावर बोल्टनं कसलेली अर्थिंगची वायर. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी त्या वायरच्या टोकाला लावून त्यानं चावी फिरवली. आकडा शून्याच्या आसपास हवा होता. दोनच्या वर निघाला. म्हणजे परतीची वाट कुठंतरी तुंबली होती.

त्यानं बोल्ट सोडला आणि वायर बाजूला केली. वायरच्या टोकाखाली चांदीचा रंग चमकत होता. दोन हात मारलेला, बोल्टच्या भोकातसुद्धा.

ही त्याची ट्रॅक्टरची सवय. खोललेला भाग परत चढवण्याआधी रंगवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. ट्रॅक्टरला ते चालून गेलं. इथं मात्र रंगातून वीज कशी जाणार?

सुंदरराव वाकून बघायला लागले. "वायर कंपनीतूनच खराब आली असंल न्हाई का?"

हे लई बरं झालं, बजरंगला वाटलं. थाप मारायची मेहनतही मालकांनीच वाचवली. फक्त मान हलवायची होती. पॉलिश पेपर घेऊन त्यानं जागा घासली, उघडा धातू दिसू लागल्यावर बोल्ट कसला, स्कॅनरमधले जुने दोष पुसले. मग दोघं मांजरसुंब्याच्या दिशेनं गाडीची एक फेरी मारून आले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. गिअर कधी बदलला ते पोटातल्या पाण्यालाही कळलं नाही.

"कंपनीला चांगला झापतो," उतरताना सुंदरराव म्हणाले.

"कंपनीला कावून? वायर धडधाकट हाय. म्या खाली रंग मारला."

"कावून?"

"दिसायला बरं दिसतंय म्हणून."

"गाडीच्या पोटाखाली? बघणार कोण, कुत्रं?"

"तेवढा इचार न्हाई केला."

धोंडीरामानं कप तसेच ठेवले आणि रस्ता ओलांडला. हॉटेलात सहा माणसं बसलेली होती. सुंदररावांनी चावी बोटात फिरवली.

"जावयाची गाडी बी असलीच हाय," ते म्हणाले. "झटके मारायलीय. किती दिवस लागतील?"

"दोन."

"एवढे?"

"एक कामाला, मालक. एक माझी चूक हुडकायला."

"मंग बुधवारी पाठवतो," म्हणत सुंदरराव गाडीत बसले.