लाडवांखालचं कार्ड

श्यामकांत दातार चहा बशीत ओतून निववत, पुन्हा कपात ओतत आणि मग पीत. गर्दीच्या बसमध्ये ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या कार्डांचा गठ्ठा डोक्यावर धरत, स्वतः चेंगरत. पाऊस आला की छत्री गठ्ठ्यावर धरत. कुणी चूक दाखवली की विचारत, "कितव्या ओळीत?" आमटीत मीठ कमी पडलं तरी हाच प्रश्न.

दातार डमडमला ज्या घरात राहत, त्याच घराच्या वरच्या मजल्यावर विनायक राहायचा. कलकत्त्यातच वाढलेला, साहित्य शिकून नुकताच मोकळा झालेला. दातारांची त्याच्याशी मैत्री होती, कारण तो सगळं ऐकून घ्यायचा.

चौऱ्याहत्तर साली दातारांची नागपूरला बदली झाली. त्यांच्या पत्नी शकुनकाकूंनी त्याच दिवशी ट्रंका बांधल्या. पण साहेब म्हणाले, "आधी प्रोग्रॅम चालू द्या, मग जा."

प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेली कार्डं. ती कॉम्प्युटरच्या खोलीत द्यायची. कंपायलर ती यंत्राच्या भाषेत उतरवणार आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद मिळणार. कागदावर रोज एकच तक्रार: एक भाग सापडत नाही.

तो भाग बराकपूरला, दातारांचे सहकारी श्रीकांत फडणिसांच्या घरी होता. विनायक जाऊन घेऊन आला. सुहासिनी फडणिसांनी कार्डं बिस्किटाच्या डब्यात भरून दिली. मराठी घरी नुसती कार्डं कशी पाठवायची, म्हणून वर बेसनाचे लाडू.

मे महिना होता. तूप खाली उतरलं.

दुसऱ्या दिवशी कार्डं एकमेकांना चिकटून आत गेली आणि यंत्र अडकलं. ऑपरेटर म्हणाला, "दातारबाबू, मेशिनला अजीर्ण झालं."

दातारांनी डबा हुंगला. "लाडू कितव्या कार्डापर्यंत मुरलाय?"

मग टीपकागदात धरून कार्डांना इस्त्री सुरू झाली. "माझ्या लग्नाच्या शालूलासुद्धा कुणी एवढं जपलं नाही," काकू म्हणाल्या. विनायक पंख्याने वारा घालत होता. आपण काय करतोय, असं स्वतःला विचारायचं त्याने सोडून दिलं होतं.

कार्डं सुटी झाली. नवी तक्रार आली: शेवटचं कार्ड नाही.

दातारांनी ट्रंका सोडल्या. गाद्या उलट्या केल्या. काकू रडकुंडीला आल्या. "एका पुठ्ठ्यापायी मी जन्मभर या गावात राहायचं का हो?"

दातार स्वयंपाकघरात गेले. पितळी डब्यात एकच लाडू उरला होता. तो उचलला तर खाली कार्ड! इतर कार्डांना तूप लागू नये म्हणून सुहासिनीबाईंनी शेवटचं कार्ड आडवं घालून त्यावर लाडू रचले होते. काकूंनी ते लाडवांसकट उचलून या डब्यात ठेवलं होतं.

कार्ड तुपाने पारदर्शक झालं होतं. दातारांनी ते खिडकीशी धरलं. त्यातून शेजारचा नारळ दिसला.

भोकं पाहून नवं कार्ड केलं. प्रोग्रॅम चालला. साहेबांनी सही केली. ट्रंका पुन्हा बांधल्या, तिकिटं आली.

निघायच्या दिवशी दुपारी काकूंना कोपऱ्यात बिस्किटाचा डबा दिसला. आत फडणिसांची कार्डं.

"विनायक नेऊन देईल," दातार म्हणाले.

"रिकामा?"

"कार्डं आहेत ना!"

"ती त्यांचीच. आपलं काय? सुहासिनीचं माहेर नागपूरचं आहे. मी पोचायच्या आत माझी कीर्ती पोचेल."

शेगडी ट्रंकेत गेली होती. दातार डबा घेऊन वर विनायककडे आले. बाह्या सरसावून बेसन भाजायला बसले. गुठळी दिसली की थांबून तिच्याकडे बघत. खाली टॅक्सी आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"अहो, गाडी!" जिन्यातून काकू ओरडल्या.

दातारांनी झारा विनायकच्या हातात दिला. "गार झालं की पिठीसाखर. आधी घातलीस तर लाडू बसतील."

"मग?"

"मग वळ."

विनायकने आयुष्यात लाडू वळला नव्हता. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळली. त्याने कढईत बोट घातलं.

बेसन अजून गरम होतं.