खाटेच्या पायांखालचं पाणी

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट, हे आधीच सांगते. माफ करावं. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतंच. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, मला कळत नाही. जसं बोलते तसं लिहिते, आणि ओळी वर चढत जातात. ही वही माझ्या धाकट्या बहिणीची. तिच्या कंपनीच्या ट्रेनिंगची. पुढच्या पानांवर तिने इंग्रजी वाक्यं लिहिली आहेत, मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून इथे.

आम्ही वर्ध्याकडचे. लग्नानंतर पुण्यात आलो. नवरा धायरीत फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये, मी सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला. राहायला पत्र्याची एक खोली, मागे ओढा. ओढ्यात सगळ्या वस्तीचं पाणी. त्यामुळे संध्याकाळ झाली की डास असे यायचे की बोलायला तोंड उघडावं तर एखादा आत जायचा.

माझं कशातच नाव नव्हतं, पण डासांच्या बाबतीत आमच्या चाळीतल्या बायका मला विचारायला यायच्या. दिवेलागणीच्या आधी खिडकी-दार बंद. घमेल्यात गोवरीचा तुकडा, त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला, नाहीतर अंड्याच्या पुठ्ठ्याचे ट्रे फाडून. ते पेटत नाहीत, नुसते धुमसतात, आणि स्वस्त पडतात. कॉइलने नवऱ्याला खोकला यायचा. झोपताना हातापायाला खोबरेल तेलात कडुनिंबाचं तेल. चावलंच तर खाजवायचं नाही. आधी गार पाणी, मग माठावर ठेवलेला स्टीलचा चमचा त्या गांधीवर दाबून धरायचा. फारच आग झाली तर नवऱ्याच्या तंबाखूच्या डबीतला चुना, बोटाच्या टोकावर येईल एवढाच. जास्त लावला तर कातडी भाजते. हे सगळं मला येत होतं. मी मनातून जरा ताठ्यातच होते.

मग माझी बहीण आली. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बारावी झाली होती, गावाकडेच इंग्रजी बोलायचा क्लास केला होता. त्या वर्षांत पुण्यात जिकडे तिकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि पेपरात मुली पाहिजेत, मुलं पाहिजेत, अशा जाहिराती असायच्या. तिला फोनवर बोलायचं काम लागलं, अमेरिकेतल्या लोकांशी. रात्री जायचं, सकाळी यायचं. पहिल्याच पगारात ती नवऱ्यापेक्षा जास्त पैसे घेऊन आली. नवऱ्याने पाकीट हातात घेऊन तोलून बघितलं आणि म्हणाला, "आपण लोखंड उचलायचं आणि साळीबाईंनी फोन उचलायचा. वजन मात्र इकडेच जास्त."

"भाऊजी, शिव्या पण मीच खाते," ती म्हणाली. "त्या पण इंग्रजीत."

सकाळी सातला कंपनीची गाडी तिला नाक्यावर सोडायची. आठ वाजता ती खाटेवर आडवी व्हायची ते दुपारी तीन-चारला उठायची. आम्ही दोघं त्या वेळी कामावर. सुट्टीच्या दिवशी नवरा शेजाऱ्यांना दारातूनच सांगायचा, "हळू बोला, घरात अमेरिका झोपली आहे."

पगारातून तिने मंडईच्या मागच्या गल्लीतून मच्छरदाणी आणली. चांगली, गुलाबी काठांची. पण एकच खोली. चार दोऱ्या चार खिळ्यांना बांधल्या की मला ओट्यापर्यंत जाता येत नसे. म्हणून रात्री आम्ही दोघं तीत झोपायचो आणि पहाटे उठल्याबरोबर मी ती सोडून, घडी करून ट्रंकेवर ठेवायची. दिवसा कशाला लागते मच्छरदाणी? तिच्या पैशाची मच्छरदाणी, आणि तिच्या अंगावर ती फक्त रविवारी यायची.

धुराचंही तसंच. ती संध्याकाळी साडेसहाला निघायची. एकदा मी सहालाच घमेलं पेटवलं, तर दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, गाडीतल्या मुली विचारतात, तू काय होळीतून येतेस का? माझ्या ड्रेसला वास येतो गं." तेव्हापासून ती नाक्यापर्यंत पोचली असेल असा अंदाज घेऊन मी धूर करायची.

सकाळी आल्यावर तिला भूक असायची. अंथरुणातच बिस्किटं, शेंगदाण्याचा लाडू, जे असेल ते खात खात झोपायची. चुरा पडायचा. खाटेवर लाल मुंग्या झाल्या. एका दुपारी ती मानेवर चावून घेऊन ओरडतच उठली. आमच्या आईकडे दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, मुंगी चढू नये म्हणून. ते मला आठवलं. मी काम करायची त्या काकूंकडून आइस्क्रीमचे रिकामे डबे आणले, चार. खाटेचा एकेक पाय उचलून त्याखाली एकेक डबा ठेवला आणि पाणी भरलं. मुंग्या थांबल्या. बहिणीने मला मिठी मारली. "ताई, तू इंजिनियर आहेस," म्हणाली. पाणी कमी झालं की मी वरून तांब्याने ओतायची. डबे काढून, ओतून टाकून, घासून परत ठेवायचे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. खाट जड होती. आणि पाणी स्वच्छ होतं, पिण्याच्या पिंपातलं.

पावसाळा संपत आला होता. एक दिवस ती पाय पुढे करून म्हणाली, "हे बघ, घोट्यांवर. दिवसा पण डास चावतात."

मी म्हटलं, "दिवसा कुठले डास? ढेकूण असतील."

मला सगळं येत होतं ना. त्या रविवारी मी गादी पत्र्यावर उन्हात टाकली. खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. एक ढेकूण सापडला नाही. मी तिच्या घोट्यांना चमचा लावला, तेल लावलं. आणि डब्यांत पाणी ओतलं.

आठ-दहा दिवसांनी तिला ताप आला. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणायची, हाडं फुटतात म्हणायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रक्त तपासून घ्या म्हणाले. चौथ्या दिवशी ताप उतरला. आम्हाला हायसं वाटलं. तपासणीचे पैसे वाचले असं मीच म्हटलं. ती तर पर्स भरायला लागली, कारण सुट्टीचे पैसे कापतात. दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. हात लावला तर बर्फासारखा. हिरड्यांतून रक्त येत होतं. रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. म्हणाली, "ताप गेला ना गं आता?"

दवाखान्यात अॅडमिट करायला आधी पैसे भरा म्हणाले. तिचे बँकेतले होते, नवऱ्याने शेठकडून उचल घेतली, तरी पुरेना. मी काकूंकडे गेले. या काकू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्याच राहायच्या, बोलायला तिखट. मी दारात उभी राहिले आणि मला बोलताच येईना. त्यांनी कसंबसं माझ्याकडून काढून घेतलं. मग चपला घातल्या, बँकेत गेल्या आणि तीस हजार रुपये आणून माझ्या हातात ठेवले. "मोजत बसू नकोस, पळ," म्हणाल्या. त्या पैशांनी खाट मिळाली आणि रक्तातल्या पिवळ्या पाण्याच्या पिशव्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे कपडे घ्यायला घरी आले. तेवढ्यात महापालिकेची बाई आली, हातात बॅटरी आणि रजिस्टर. अशा बाया पूर्वीही यायच्या, पण मी त्या वेळी कामावर असायची आणि बहीण दार लावून झोपलेली.

"पाणी कुठे कुठे साठवता?"

मी पिंप दाखवलं, झाकलेलं. माठ दाखवला, झाकलेला. ती बरं म्हणाली. मग सहज वाकून तिने खाटेखाली बॅटरी मारली.

"अगंबाई! हे काय, मासे पाळलेत?"

"मुंग्या येतात म्हणून पाणी ठेवलंय."

"मुंग्या कशाला येतील? जागा कुठे आहे त्यांना?" ती म्हणाली. "या, बघा की तुम्ही पण."

मी वाकले. पाण्यात केसाएवढं बारीक काहीतरी वळवळत होतं. एक नाही, पुष्कळ. उजेड पडला की सगळं खाली जायचं, पुन्हा वर यायचं. चारही डब्यांत.

"लोकांना सांगून सांगून घसा बसला," ती लिहीत लिहीत बोलत होती. "डेंग्यूचा डास गटारात नाही होत हो, असल्या स्वच्छ पाण्यात होतो. आणि दिवसाढवळ्या चावतो. तुम्ही संध्याकाळी धूर करणार, आणि तो दुपारी जेवून मोकळा. घरात कुणाला ताप?"

"बहीण आहे. दवाखान्यात."

तिने बॅटरी बंद केली. मग आवाज उतरवून म्हणाली, "मी ओतते हं. तुम्ही बसा." तिने स्वतः खाट उचलून एकेक डबा काढला आणि बाहेर उन्हात, कोरड्या फरशीवर उपडा केला. मला म्हणाली, आतून घासा, कडेला अंडी चिकटलेली असतात. मी डबे घासले. कपडे घेतले. दवाखान्यात गेले. कुणाला काही बोलले नाही.

बहीण तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेली. बावीस वर्षांची होती.

गावाहून आई आली. ती रडली नाही, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुह्या भरोशावर धाडली होती वं मी तिले." तिला डब्यांचं माहीत नव्हतं. तरी बरोबर तेच बोलली. मी तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

गावाहून परत आल्यावर मी कामावर गेले. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "हे बघ, ते पैसे मी सोडले. तो विषय संपला."

"नाही काकू. पगारातून कापा."

"अगं, मी सोडते म्हणते आहे. या गावात कुणी रुपया सोडत नाही, आणि सोडला तर तू घेत नाहीस! किती कापू?"

"सहाशे."

"पगार बाराशे, आणि कापू सहाशे? मग खाशील काय, माझं डोकं?"

मी मान खाली घालून पीठ मळत राहिले. काकूंना वाटलं मी मानी आहे. तसं नव्हतं. बहिणीला जे झालं ते माझ्या हातच्या पाण्याने झालं. तिच्या औषधाचे पैसे तरी दुसऱ्या कुणाच्या दयेचे नकोत, एवढंच मला कळत होतं. पण हे तोंडाने कसं सांगणार?

नवऱ्यालाही सांगता आलं नाही. तो चिडायचा. "बाई स्वतःहून सोडतायत, तर तू कोण मोठी सावकारीण लागून गेलीस?" एका दिवाळीला काकूंनी बोनस म्हणून दोन हप्ते माफ केले. मी ते पैसे त्यांच्या पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून आले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखी हट्टी मुलगी माझ्या वर्गात असती तर मी तिला मॉनिटर केलं असतं." आणि पैसे कपाटात ठेवले.

त्या वर्षांत मी एक करत गेले. आमच्या घरी दर रविवारी पिंप रिकामं करून, घासून, कोरडं करून मग भरायचं. मुंग्यांसाठी खाटेच्या पायांना हळदीचा लेप. जिथे जिथे पोळ्या करायची तिथे फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघायची, मनीप्लँटच्या बाटलीतलं पाणी बदलायची, गच्चीवरचं टायर हलवायला लावायची. दिवसा कुणाचं बाळ झोपलेलं दिसलं की मी, जी कुणाशी बोलत नाही, ती त्याच्या आईला सांगायची, मच्छरदाणी आत्ता लावा, रात्रीची वाट बघू नका. एका घरातली मॅडम हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही डासांच्या फारच मागे लागलात." मी हसले.

तीस हजार व्हायला चार वर्षं आणि दोन महिने लागले. शेवटच्या महिन्यात काकूंनी पूर्ण पगार पाकिटात घालून माझ्या हातात दिला आणि त्या काही बोलायच्या आत मी त्यातले सहाशे काढून ओट्यावर ठेवले. शंभराच्या सहा नोटा. काकूंनी त्या उचलून तशाच मुठीत धरल्या.

मी म्हटलं, "मोजा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि एकेक नोट ओट्यावर ठेवत सहापर्यंत मोजल्या. "फिटले गं," म्हणाल्या. "सगळे फिटले."