सेटचा दोष

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर सुखदेव ओव्हाळ बायकोला, हिराबाईंना, घेऊन वाघोलीत सातव्या मजल्यावर राहायला आले. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना त्यांच्याकडे तीस वर्षांपासून. सेट स्वतः बांधलेला. रोज सकाळी सातला त्यावरून सांगलीच्या रंगनाथांशी बोलणं व्हायचं. दोघं प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते. नव्या घरात मात्र रंगनाथांचा आवाज खरखरीत बुडून गेला.

"सामान हलवताना सेटची जुळणी बिघडली असणार," सुखदेवराव म्हणाले.

जुळणी करायची तर उपकरण हवं. कोणतं, यावर त्यांनी दोन महिने घालवले. मग बुधवार पेठेत रणजितच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. त्यानं ऑसिलोस्कोप पुढे केला.

"काका, हा घ्या. सिग्नलची लहर स्क्रीनवर दिसते."

"दिसून काय करू? मला सेटचा कान तपासायचाय."

त्यांना सिग्नल जनरेटर हवा होता, ठरावीक फ्रिक्वेन्सीवर हवा तितका क्षीण सिग्नल देणारा. पहिला त्यांनी परत केला. त्याचा सिग्नल डब्यातूनच बाहेर गळून सेटमध्ये शिरत होता, पुरेसा क्षीण होतच नव्हता. दुसरा जुना, जड, जाड पत्र्याच्या पेटीतला. तो मांडीवर घेऊन ते मनपाच्या थांब्यावरून बसनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी अँटेना काढून जनरेटर जोडला. एकेक कॉइल फिरवून पाहिली. सुधारायला कुठे जागाच नव्हती. सिग्नल अगदी तळाला नेला, तरी सेटनं तो स्वच्छ ऐकवला. अँटेना लावली, की पुन्हा खरखर. घराचा मेन स्विच पाडून सेट बॅटरीवर चालवला. तरी तेच. खरखर बाहेरून येत होती. लिफ्ट, गच्चीवरचे सोलर इन्व्हर्टर, शेकडो घरांतले दिवे आणि चार्जर.

"म्हणजे सेट चांगलाय? बरं झालं," हिराबाई म्हणाल्या.

"बिघडला असता तर दुरुस्त केला असता गं."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी खरखरीबद्दलचा त्यांचा अर्ज वाचला. "अहो ओव्हाळसाहेब, आपल्यासाठी अख्ख्या वाघोलीचे दिवे घालवू का?"

त्याच आठवड्यात रंगनाथांचा फोन आला. "तुमचा आवाज खणखणीत येतो हो. मी हाका मारतो, तुम्ही उत्तरच देत नाही."

"मला ऐकूच येत नाही."

"मग फोनवर बोलू की."

दोन-तीनदा बोलले. तब्येत, हवापाणी. पुढे दोघांनाही काही सुचेना. नंतर फोन आला नाही.

सुखदेवराव अजून सातला सेट लावतात. आपली परवान्यावरची खूण तीनदा सांगतात, मिनिटभर खरखर ऐकतात, बंद करतात. पलीकडे कुणी आहे की नाही, त्यांना कळत नाही. कुणी बोललं का, हे हिराबाईही हल्ली विचारत नाहीत. आवाज थांबला की चहा गाळतात.