बाईंच्या रिकाम्या खाटा

रोग्याचं तोंड दिसलं की ज्यांचा चेहरा पडायचा, अशा डॉक्टर अख्ख्या झाडीपट्टीत एकच होत्या, आणि नेमकी त्यांच्याच हाताखाली कंपाउंडर म्हणून माझी नेमणूक झाली. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. पुण्य कसं करावं याचा विचार करता करता गोंदियाच्या काही राइस मिलवाल्यांनी एक ट्रस्ट काढला होता आणि तीन धर्मादाय इस्पितळं उघडली होती. आमचं तिसरं, देवरीच्याही पुढे, जंगलात. कौलारू इमारत, एक वॉर्ड, बारा लोखंडी खाटा, बाई आणि मी. माझी समजूत अशी होती की इस्पितळ रोग्यांसाठी असतं. ही समजूत बाईंनी पहिल्याच आठवड्यात खोडून काढली. "रोगी इथपर्यंत आला, म्हणजे आपलं काम चुकलं," असं त्यांनी मला ऐकवलं, आणि तेही मी हौसेनं नवं कोरं रजिस्टर आखत असताना.

मी भंडाऱ्याला रीतसर शिकलेला कंपाउंडर. माझ्या हातचं लाल मिक्श्चर आणि बाटलीवर चिकटवायच्या कागदाच्या कातरलेल्या खुणा, दोन्हींचा मला अभिमान होता. बाईंनी माझ्या खोलीतल्या बाटल्या एका फळीवर ढकलल्या आणि उरलेल्या जागेत कुदळी, फावडी, चुन्याची पोती आणि दोराची वेटोळी भरली. पुढे रोग्याच्या हातातल्या चिठ्ठीवर औषधाच्या बरोबरीनं 'कुदळ एक, दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असं लिहिलेलं असायचं आणि ते औषध मला खिडकीतून द्यावं लागायचं. कुदळ खिडकीतून जात नाही. मग मी ती घेऊन चडफडत दारापर्यंत जायचा. शेजारच्या गावचे पाटील पायाला नारू झाला म्हणून आले. सुई टोचून घ्यायची, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. बाईंनी जखम धुऊन पट्टी बांधली, पण सुई काही दिली नाही. त्यांच्या गावची विहीर पायऱ्यांची होती. सगळं गाव पाण्यात पाय घालून घागरी भरायचं, आणि नारूचा किडा तिथूनच यायचा. चिठ्ठीवर लिहिलं, 'पायऱ्या बुजवणे. कमरेइतका कठडा. रहाट.' मी पाटलांच्या खांद्यावर कुदळ ठेवली तेव्हा ते माझ्यावरच उखडले, "मी दवाई मांगाले आलो जी, रोजीवर नाई आलो." बाई आतूनच म्हणाल्या, "पाय तुमचा आहे पाटील, पण नारू गावाचा आहे." पाटील महिनाभर बोलले नाहीत. कठडा मात्र झाला, आणि पुढे त्यावर बसूनच ते बाईंच्या तक्रारी सांगू लागले.

बाईंना लग्नाचं बोलावणं देणं म्हणजे घरावर जप्ती आणणं. अक्षता पडायच्या आधी त्या मांडवामागे जाऊन पिण्याच्या पाण्याचे रांजण बघायच्या, वाढप्यांची नखं बघायच्या आणि एकदा तर नवरदेवाचीही बघितली. आहेर ठरलेला. लांब दांड्याचं ओगराळं. रांजणात हात बुडवायचा नाही, एवढाच त्या आहेराचा आशीर्वाद. त्या वर्षांत आमच्या पट्ट्यात उजवलेली पोर दिवाळीला माहेरी आली, की आई आधी ओगराळ्याची खुशाली विचारायची. फिरतीला बाई छकड्यातून जायच्या, उन्हाळ्यातही आणि चिखलातही. मला बरोबर न्यायच्या. माझं काम चुन्याचं पोतं धरून बसणं. घरी परतलो की बायको मला रंगारी म्हणायची.

याचा व्हायचा तो परिणाम झाला. खाटा रिकाम्या पडू लागल्या. बाळंतिणी सोडल्या तर दोन-दोन आठवडे वॉर्डात कोणी नसायचं. बाई त्या रिकाम्या खाटांकडे अशा बघायच्या, जसा शेतकरी धानानं भरलेल्या बांधीकडे बघतो. ट्रस्टची बाकीची दोन इस्पितळं मात्र दुथडी वाहत होती. तिथं एका खाटेवर दोन, खाटेखाली एक आणि व्हरांड्यात नातेवाइकांच्या चुली. तिथले फोटो ट्रस्टच्या अहवालात छापून यायचे. आमचे सेक्रेटरी म्हणजे गोंदियाचे एक सेठजी, माणूस तसा दयाळू, पण त्यांची दया मोजता यावी लागायची. त्यांनी आमचा वॉर्ड पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टरनीजी, ये अस्पताल है या धर्मशाला? धर्मशाळेत तरी माणसं असतात." दिवाळीनंतर ते पुन्हा येणार होते. तेव्हाही हीच गत असली तर खाटा ट्रकमधून मोठ्या इस्पितळात जाणार होत्या, आणि आमच्या दाराला कुलूप लागणार होतं.

बाईंनी हे ऐकलं आणि नव्या गावच्या विहिरीची लांबी-रुंदी मोजायला निघून गेल्या. मी मात्र हादरलो. माझी नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की मला चुन्याच्या पोत्याची सवय झाली होती. शेवटी मी पाटलांच्या गावी गेलो आणि कठड्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करतो.

सेठजी यायच्या दिवशी सकाळी बाराच्या बारा खाटा भरल्या होत्या. पण या लोकांची आजारी पडायची सवयच मोडली होती. पाटील पहिल्या खाटेवर, पट्टी उजव्या पायाला, नारू झालेला डाव्या. एक म्हातारी पोट धरून कण्हत होती आणि मधूनच शिदोरीतला भात खात होती. बाकीचे धानाच्या भावावर बोलत होते. बाई आत आल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, साथ आली. त्यांनी पहिली खाट गाठली. पाटलांची नाडी धरली, जीभ पाहिली, पट्टी सोडली, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. तोवर सेठजी दारात येऊन प्रसन्न मुद्रेनं उभे होते. बाईंनी एक शब्द बोलायचा नव्हता, तेवढ्यानं इस्पितळ वाचत होतं. त्यांनी बारा चिठ्ठ्या लिहिल्या, सगळ्यांवर 'प्रकृती उत्तम', आणि सगळ्यांना उठायला सांगितलं.

पाटील उठेनात. म्हणाले, "मले बिमारच राहू द्या बाईजी. तुमी गेल्या तं आमाले खरंच बिमार पडा लागल."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तोच. "खोटे रोगी मी ठेवत नाही. उठा."

सेठजींनी ट्रक बोलावला. खाटा चढवायला माणसं हवी होती, ती वॉर्डातच होती. पाटलांनी आपली खाट स्वतःच्या डोक्यावरून नेली आणि सेठजींनी त्यांच्या तब्येतीचं कौतुकही केलं. आम्हाला महिनाअखेर गोंदियाला यायचा हुकूम झाला.

तिसऱ्या दिवशी पहिली बाज आली. बांबूची, सुतळीनं विणलेली, दोघांच्या डोक्यावरून. मग दुसरी. आठवड्यात बारा गावांच्या बारा बाजा वॉर्डात लागल्या, प्रत्येकीच्या पायाला गेरूनं गावाचं नाव. नियम गावांनीच केला. आपल्या गावची खाट भरली तर ती गावाची लाज. महिनाअखेरीस सेठजी आम्हाला न्यायला आले आणि खाटा पाहून गोंधळले. पाटील म्हणाले, "ह्या आमच्या हायेत जी, ह्या ट्रकात नाई जात." सेठजी रांजणातलं पाणी ओगराळ्यानं प्यायले आणि कुलूप खिशात घेऊन परत गेले. पुढच्या अहवालात आमचा उल्लेख नव्हता, पण इस्पितळ चालू राहिलं.

नंतरच्या एका पावसाळ्यात बाईच हिवतापानं पडल्या. बाराही गावं भांडायला आली, बाईंनी आमच्या बाजेवर निजावं, आम्ही लाज सोसू. बाई एकाही बाजेवर निजल्या नाहीत. गावाचं नाव खराब होईल म्हणाल्या. माझ्या मिक्श्चरच्या लांब टेबलावर घोंगडी घालून घेतली आणि तिथंच आठ दिवस काढले. क्विनाइन मी द्यायचा. रोज सकाळी एकच प्रश्न, किती रिकाम्या? मी म्हणायचा, बारा. आठव्या दिवशी पाटलांना तापात आणून त्यांच्या गावच्या बाजेवर टाकलं होतं, तरीही मी बाराच म्हणालो. बाईंनी वॉर्डाकडे कान लावला.

"मग कण्हतंय कोण?"

बाई टेबलावरून उतरल्या, चुन्याच्या पोत्याला धरून उभ्या राहिल्या आणि भिंतीच्या आधारानं वॉर्डात गेल्या. पाटलांना पाहून त्यांचा चेहरा नेहमीसारखाच पडला.

आज बाई नाहीत. मीही गोंदियाला मुलाकडे असतो. तो पडलेला चेहरा एकदा बघायला मिळणार असता, तर मी खुशाल आजारी पडलो असतो.