सोमवारचा चहा

गुरं विकल्यापासून परसातली गोबरगॅसची टाकी रिकामी पडली होती. मी शेजाऱ्यांकडून शेण आणून तिच्यात घातलं आणि वर रोज मालवणच्या बाजारातली बांगडा मासळीची डोकी-आतडी ओतू लागलो. वासाने घरचे वैतागले. पण एका सकाळी शेगडी पेटवली आणि भक्कन निळी ज्योत! मी अंगणभर नाचलो.

"आये, चाय ठेव!"

आई हलेना. "आज सोमवार माझो. माशांच्या आगीर चाय? माका नको."

माझं टाळकंच सरकलं. "गो आये, त्यात शेणय आसा!"

शेणानेच तर ती देवघर सारवायची.

"मगे आधी सांगूक काय झाला तुका?" म्हणत तिने टोप चढवला, आणि उपासाचा चहा बांगड्यांवर उकळू लागला.