ताई, शिंपीकाका आणि एका कंत्राटदाराची अब्रू
आमची थोरली ताई वकील आहे आणि तिची खासियत म्हणजे गप्प बसणं. एक प्रश्न विचारायचा आणि समोरच्याकडे बघत राहायचं. भावजी तर त्या नजरेपुढे न केलेले गुन्हेसुद्धा कबूल करतात.

तिचे अशील म्हणजे गल्लीबोळातले ब्लॉगवाले. रस्ता खचला, दिवे गेले की हे लिहिणार आणि लगेच कुणाची तरी अब्रू जाणार. ज्यांना अब्रू असल्याचा आम्हाला पत्ताही नसतो, नेमकी त्यांचीच जाते.

त्यांतलेच शिंपीकाका. दिवसभर पँटी आखूड करायच्या आणि संध्याकाळी ब्लॉग लांबवायचा. सरकारी दवाखान्यातली नवी लिफ्ट मध्येच अडकते, असं त्यांनी लिहिलं आणि लिफ्टच्या कंत्राटदाराने अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. हरले असते तर शिलाई मशीनसकट दुकान गेलं असतं. काकू दर तारखेला यायच्या, पण नवऱ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

कंत्राटदार साक्षीला उभा राहिला. "तुमचं नक्की नुकसान काय झालं?" एवढंच विचारून ताई थांबली. त्याला ती शांतता सोसेना.

"काय झालं म्हणजे? ह्यांनी बोंब मारली म्हणून मला अख्खी लिफ्ट उघडून मोटर बदलावी लागली! नाहीतर कुणी विचारत होतं का?"

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. दावा फेटाळला गेला.

इथेच संपलं असतं तर ताईचं कौतुक करून मी मोकळा झालो असतो. पण काकांनी चांगलाच धसका घेतला होता. बागेच्या भिंतीबद्दल लिहिलं, ते आधी ताईकडे घेऊन आले.

"वकीलबाई, यात कुणाची अब्रू जात नाही ना, तेवढं बघा."

ताईने 'कोसळायला आलेली' खोडलं. मग तडे खोडले. मग तिथे खेळणारी मुलंही खोडली. उरलेलं मोठ्याने वाचलं, "बागेला भिंत आहे."

मला हसू फुटलं. ताईचा चेहरा मात्र उतरला. तिला स्वतःची लाज वाटली होती, स्पष्ट दिसत होतं.

"हरूनसुद्धा तो कंत्राटदारच जिंकला की रे," ती मला म्हणाली. मग तिने खोडलेलं सगळं पुन्हा लिहिलं आणि वर भिंत बांधणाऱ्याचं नावही घातलं.

काकांना घाम फुटला. "अहो, आता नक्की खटला होईल!"

"खटला झाला तर मी बघीन, काका. भिंत पडली तर कोण बघणार?"